रंग उतरवणारे व्याही

माझ्या व्याह्यांइतकं निरुपयोगी काम इतक्या निष्ठेनं करणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्यांनी त्याला एव्हाना हुडकून काढून माझ्या परसात आणून बसवलं असतं. काम काय, तर लहान मोटारी घ्यायच्या आणि त्यांच्या अंगावरचा रंग काढायचा. हुबेहूब खऱ्या गाडीसारख्या दिसणाऱ्या, तळहातावर मावतील अशा लोखंडी मोटारी दुकानात मिळतात ना, त्या. मी खेळणी म्हटलं की ते दुखावतात. "खेळणी नव्हेत, विहीणबाई, मॉडेलं. आणि लोखंड नव्हे, जस्ताचा मिश्रधातू." मी म्हणते, सरी, म्हणजे बरं, जस्त तर जस्त. सत्तरी उलटलेला माणूस धुण्याच्या दगडापाशी पाटावर बसून दात घासायच्या ब्रशनं बोटभर मोटारीची पाठ चोळतो आहे, हे बघितल्यावर धातू कुठला हा प्रश्न मला तरी पडत नाही.

रंग काढून पुढे काय, असं प्रत्येक जण विचारतो. मीही पहिल्या दिवशी विचारलं. वाटलं, जुना काढून नवा झकास लावत असतील. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आंघोळ घातलेलं पोर पुन्हा चिखलात लोळवा असं मी सांगितलंय. "रंग? लावायचा? कशाला?" त्यांची मोटार रंग निघाला की पुरी झाली. ती धुवायची, पुसायची, उन्हात धरून चारही बाजूंनी बघायची आणि जुन्या मोज्यात घालून ट्रंकेत ठेवायची. अशा उघड्यावाघड्या मोटारी त्यांच्याकडे शंभरावर आहेत आणि सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे बिनरंगाच्या. त्यांतली कुठली कुठली, हे त्यांना मोज्यावरून कळतं. आता गंमत अशी की हा माणूस तेहतीस वर्षं पुण्याकडच्या एका कारखान्यात रंगखात्यात होता. जन्मभर गाड्यांना रंग लावला, त्यावर संसार केला, मुलाला इंजिनियर केलं आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी रंग काढायला बसला. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आमच्याकडे पत्रा यायचा तो प्रायमरचा खालचा हात लागूनच. खालचा धातू तेहतीस वर्षांत मी कधी पाहिलाच नाही." म्हणजे न्हाव्यानं निवृत्तीनंतर लोकांच्या कवट्या बघत फिरावं, त्यातली गत.

माझ्या लेकीनं, वीणानं, ह्यांच्या मुलाशी लग्न केलं. ह्यांची बायको वारली तेव्हा जावयानं पुण्याचा फ्लॅट बंद केला आणि वडलांना इथं महादेवपुऱ्याला आपल्याकडे आणलं. चौदावा मजला, आत सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, फरशीसुद्धा अशी की चप्पल काढली तरी पाय ठेवायची भीती वाटावी. तिथं व्याह्यांनी मागच्या बाल्कनीत बरण्या मांडल्या. जावयानं बरेच दिवस सहन केलं. पण एक दिवस एका मोटारीला संडास धुवायच्या ॲसिडात बुडवलं असताना रंग लवकर निघेना म्हणून ह्यांनी त्याच बादलीत ब्लीचिंग पावडर टाकली. त्यातून जो वायू सुटला, त्यानं चौदावा मजला खोकला, मग तेरावा खोकला, घंटा वाजल्या आणि वॉचमननी सगळ्या लोकांना जिन्यानं खाली उतरवलं. खाली सगळे नाकाला रुमाल लावून उभे, आणि हे हातात मोटार घेऊन जावयाला सांगतायत, "बघ, बॉनेट अगदी स्वच्छ निघालं." जावई तसाही फारसं बोलत नाही. रात्री वीणाचा मला फोन. "आई, ह्यांनी ठरवलंय. बाबांना पुण्याला पाठवायचं. आणि त्या गाड्या भंगारात."

तेव्हा मी म्हटलं, माझ्या परसात करू देत. मला दया आली असं वीणा सगळ्यांना सांगते. दयाबिया काही नाही. माझं घर जे. पी. नगरात, जुनं, बसकं. मागे मोरी, नळ आणि धुण्याचा दगड. वास सुटला तर वर आभाळात जातो. एका बाजूला रिकामा प्लॉट आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांना सर्दीमुळे बारा महिने कसलाच वास येत नाही. यापेक्षा चांगली जागा अशा माणसाला मिळायची नव्हती. जावयानं मान्य केलं, पण बजावलं, "आई, पुन्हा एकदा काही झालं की तिकीट." तेव्हा माझं परस हे व्याह्यांचं शेवटचं ठाणं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

तर आठवड्यातून तीन दिवस दोन बस आणि एक मेट्रो करून ते महादेवपुऱ्याहून येतात. पिशवीत मोजे, मोज्यांत मोटारी. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "या अण्णा, बसा." तर दारातच थबकले. "विहीणबाई, तुम्ही आत्ता त्या रिक्षावाल्यालाही अण्णा म्हणालात." मी म्हटलं, "मग? तो काय वाईट माणूस आहे?" आमच्याकडे सगळेच अण्णा. मुलाकडच्या माणसांपुढे मुलीच्या आईनं खालच्या मानेनं वागायचं, अशी आमच्या वेळची रीत होती. ती मी पहिल्याच आठवड्यात मोडली, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं पातेलं खाल्लं. म्हणजे त्यांनी नाही, कॉस्टिक सोड्यानं. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा कालवून मोटार बुडवली की तेलरंग सालीसारखा निघतो म्हणे. निघतही असेल. पण ह्यांनी त्यासाठी माझं अल्युमिनियमचं पातेलं घेतलं, आणि ते फसफसायला लागलं. मी धावत गेले तोवर पातेल्याच्या तळाची चाळणी झाली होती. मोटार मात्र लख्ख. "जस्त टिकलं बघा," ते कौतुकानं म्हणाले. "पातेलं माझ्या लग्नातलं होतं," मी म्हटलं. त्यावर त्यांनी तळाला बोट लावलं आणि म्हणाले, "पत्रा पातळच होता."

कुठल्या घरगुती वस्तूनं कुठला रंग निघतो, हे त्यांच्याकडून शिकावं. कारखान्यात मिळणारं रंग काढायचं खास औषध ते आणत नाहीत. त्यांच्या मते ते चोरी केल्यासारखं आहे. जे स्वयंपाकघरात, मोरीत, औषधाच्या कपाटात सापडेल त्यानंच काढायचा. जखमेवर लावायच्या तपकिरी औषधात मोटार तीन दिवस ठेवली की काही रंग मऊ पडतात. मात्र ती बाहेर काढून एकदम पाण्याखाली धरली की त्या सगळ्याचा चिकट गोंद होतो, हे ज्ञान त्यांना माझ्या न्हाणीघरात झालं आणि तो गोंद मी दोन दिवस खरवडत होते. माझा पापडखार त्यांनी संपवला, चिंच संपवली. नखांचा रंग काढायचं पाणी आणायला ते बायकांच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या पोरीनं विचारलं, "अंकल, मॅडमसाठी का?" हे म्हणाले, "छे, मला स्वतःला लागतं. आठवड्याला पाच बाटल्या." तेव्हापासून ती पोर आधी त्यांची नखं बघते. करोनाच्या वेळी लोकांनी भीतीनं घेऊन ठेवलेलं सॅनिटायझर अजून घरोघर पडून आहे, ते मागायला ते आपल्या इमारतीत दारोदार फिरले. बेल वाजवायची आणि पुणेरी स्पष्टपणानं विचारायचं, "उरलंसुरलं अल्कोहोल आहे का?" दोन दिवसांत चौदाव्या मजल्यावरच्या निवृत्त काकांबद्दल सगळ्या इमारतीला वाईट वाटायला लागलं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही मला थांबवलं. "येनु अज्जी, मोरी रोज तुंबते काय तुमची? आठवड्याला कॉस्टिक सोडा नेताय." मी म्हटलं, "मोरी नाही रे, व्याही." तो "अय्यो" म्हणाला आणि पुडा हातात ठेवला.

प्रत्येक बरणीवर ते चिठ्ठी लावतात. "निळी. सोमवार. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं." मोटारीच्या खालचे रिवेट हातातल्या लहान ड्रिलनं उडवायचे, काचा, सीटा, चाकं सुटी करून वाटीत ठेवायची (वाटी माझी), आणि नुसता सांगाडा बरणीत सोडायचा. मग पाटावर बसून त्या बरणीकडे बघायचं. बघायचं म्हणजे काय, तर एखाद्याचा मुलगा ऑपरेशनला आत गेलाय आणि हा बाहेर बसलाय, असं. त्या वेळी जेवायला हाक मारली तर बोट वर करतात. रंगाला सुरकुती पडली की मला बोलावतात. "या, या, लवकर या, सुटायला लागला." मी चुलीवरचं सोडून एकदा गेले. बरणीत एक लाल चिंधी तरंगत होती. "दिसलं?" "दिसलं," म्हटलं, "माझी आमटी करपल्याचा वासही आला." त्यांना तो आला नव्हता.

रंगाची पारख मात्र पक्की. म्हणजे निदान त्यांचा दावा तसा. अंगठा फिरवला की किती हात दिलेत, खाली प्रायमर आहे की नाही, सगळं सांगतात. एका लग्नात मी त्यांना घेऊन गेले, तर यजमान नमस्कार करायला दारात उभे आणि हे त्यांच्या फाटकावर अंगठा फिरवतायत. "दोन हात. घाईत दिलेत. पावसाळ्यात फुगेल." यजमानांची बायको चेहऱ्याला बरंच काही लावून आली होती. तिच्याकडे ते जरा जास्त वेळ बघायला लागले तेव्हा मी त्यांना ओढून जेवायला नेलं. पण या अंगठ्याची दुसरी बाजूही आहे. इतकी वर्षं ॲसिडात, सोड्यात आणि नखांच्या पाण्यात बुडून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आम्ही गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र नाही म्हणालं. दुसरा ठेवला, नाही. दहाही बोटं झाली. काउंटरवरची मुलगी घाबरून म्हणाली, "सर, सिस्टीम तुम्हाला घेत नाहीये." व्याही तिला समजावायला लागले, "अहो, पण मी इथं उभा आहे." ती म्हणाली, "ते मला दिसतंय सर, सिस्टीमला दिसत नाही." शेवटी डोळ्यांचा फोटो काढून त्यांना जिवंत ठरवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बोटं अगदी स्वच्छ झाली आहेत." अभिमानानं!

आता माझ्या मोटारीबद्दल सांगते, कारण इतके दिवस त्यांचा खरा डोळा तिच्यावर होता. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतो, पण दसऱ्याला इथल्या सगळ्यांसारखे आम्हीही गोंबे मांडतो. गोंबे म्हणजे बाहुल्या. नवरात्रात पायऱ्या रचायच्या, वर लाकडी राजाराणी, मधे देव, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर घरात जे असेल ते. आमच्या खालच्या पायरीवर एक मोटार असायची. सासऱ्यांनी ती कँटोनमेंटमधे कुण्या गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली होती. सासूबाईंचा नियम होता, पायरीवर विटकी वस्तू ठेवायची नाही. म्हणून घट बसायच्या आदल्या दिवशी घरच्या लेकीनं मोटारीला रंगाचा एक हात द्यायचा. रंग विकत आणायचा नाही. त्या वर्षी घरात कशाला तरी लावून उरलेला असेल तो. आधी माझी नणंद द्यायची, मग वीणा. वीणा चार वर्षांची होती तेव्हा तिनं पहिला हात दिला, तो निम्मा फ्रॉकवर. लग्न झालं, मोठ्या ऑफिसात लागली, तरी त्या दिवशी रजा टाकून ब्रश घेऊन येते. असे साठेक हात बसले. चाकं फिरायची कधीच थांबली, दारं बुजली, दिवे बुजले, आणि मोटार बनपावासारखी गुबगुबीत झाली. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांची पोरं विचारायची, "अज्जी, हे आमे का?" म्हणजे कासव का.

व्याह्यांनी ती पहिल्यांदा बघितली, तशी हातात घेतली. अंगठा फिरवला, डोळे मिटले. "साठ हात, विहीणबाई! आणि खाली अस्सल जुना माल. एकदम टणक. माझा अंगठा सांगतोय."

"तुमच्या अंगठ्याला सरकार ओळखत नाही," मी म्हटलं.

"मला फक्त एकदा द्या. खाली मूळ रंग कुठला होता ते बघू."

"मूळ रंग बघून मला काय करायचंय? मी तिला नवरी म्हणून दाखवायला नेणार नाही."

दर दसऱ्याला हेच. तीन वर्षं ते मागत होते आणि तीन वर्षं मी नाही म्हणत होते. मागच्या वर्षी घट बसायला आठ दिवस होते, तेव्हा मी गोंबे पुसायला खाली काढून ओसरीवर चादरीवर मांडले होते. मोटारही त्यांत. गुडघा दाखवायला मला डॉक्टरकडे जायचं होतं. व्याही परसात होते. "स्वल्प लक्ष ठेवा," म्हटलं, "मांजर येतं." मांजरावर लक्ष ठेवायला मी कुणाला बसवलं, हे मला डॉक्टरच्या दारात आठवलं. पण तोवर नंबर लागला होता.

परत आले तेव्हा ते धुण्याच्या दगडावर बसले होते. पाटावर नाही, दगडावर. मला बघून उठले नाहीत.

"काय झालं?"

"मी फक्त एक कोपरा बघणार होतो."

"बघितलात?"

"कोपऱ्यात हिरवा निघाला. हिरव्याखाली गुलाबी. गुलाबीखाली पुन्हा हिरवा, पण वेगळा. विहीणबाई, थांबणं शक्यच नव्हतं."

मी बादलीत वाकून बघितलं. रंगाची जाड सालं पडली होती, आणि तळाशी ओल्या राखेसारखा राखाडी भुगा. मोटार नव्हती.

"मोटार कुठाय?"

"हीच," ते भुग्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखं, त्यांनी मला सांगितलं. जुन्या ओतकामात शिसं जास्त पडलं की जस्त आतल्या आत कुजतं. वर्षानुवर्षं कुजतं, वरून काही कळत नाही. माझी मोटार कधीच भुगा झाली होती. वर रंग होता म्हणून ती मोटारीसारखी उभी होती. रंग सोड्यात सुटला आणि ती त्यांच्या हातात सांडली.

"आणि तुमचा अंगठा? टणक, म्हणाला होता ना?"

"तो रंग टणक होता," ते म्हणाले.

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. कानडीत बोलले, मराठीत ते शब्द मला येत नाहीत. त्यांना कानडी कळत नाही, पण सगळं कळलं. बोलून दम लागला तेव्हा मी पाटावर बसले, आणि त्यांनी न विचारता एक साल माझ्या हातात दिलं, वर भिंग दिलं. तुटलेल्या कडेवर बारीक बारीक रेघा होत्या, एकाखाली एक, केसाएवढ्या. "हे तुमचे हात," म्हणाले. मी बघितलं. हिरवा म्हणजे फाटकाचा. गुलाबी न्हाणीघराच्या दाराचा, तो दोनदा लागला कारण डबा मोठा होता. राखाडी खिडक्यांच्या गजांचा. एक निळा, वीणानं आठवीत असताना हट्टानं शाळेच्या बाकांचा उरलेला रंग मागून आणला होता तो. खालचे माझ्या नणंदेचे. त्यांच्याही खाली एक पिवळा होता, तो कशाचा ते मला सांगता येईना, आणि सांगणारं आता कुणी नाही. "बरं, आवरा," म्हटलं. सालं मी केराच्या डब्यात टाकली. ती त्यांनी पुन्हा काढून घेतली असणार. मी बघितलं नाही.

तेवढ्यात वीणाचा फोन. "आई, बाबा आहेत ना तिकडे? ठीक आहेत ना? सकाळी हे पुन्हा म्हणत होते, या वेळी काही झालं तर सीरियसली तिकीट काढणार. काही केलं नाही ना त्यांनी?"

मी वळून बघितलं. व्याही आपल्या मोटारी मोज्यांत घालत होते. सगळ्या. बरणीतल्या अर्धवट निघालेल्यासुद्धा, तशाच ओल्या.

"काय करणार ते," मी म्हटलं, "नेहमीचंच. बसलेत बरणीकडे बघत."

फोन ठेवला तर ते समोर उभे. "खोटं कशाला बोललात? मीच सांगतो वीणाला. चूक माझी आहे. मी जातो पुण्याला."

"जा," मी म्हटलं. "पण आधी या पंधरा बरण्या रिकाम्या करा, मोरी घासा, आणि मग जा." ते खरंच घासायला बसले. मी आत बसून तो आवाज ऐकत होते. हा माणूस पुण्याला गेला म्हणजे काय होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या मजल्यावरचं बंद घर, खिडक्या लावलेल्या, आत एकटा म्हातारा, आणि दोन चुकीच्या बाटल्या एका बादलीत ओतायची सवय. चार दिवसांनी दूधवाल्याला कळलं असतं. मला दया येत नाही, पण एवढं कळतं.

मी बाहेर आले. "अण्णा, पुढच्या वेळी येताना तुमची एक मोटार आणा. बरी असेल ती."

"कशाला?"

"पायरीवर भोक ठेवू का?"

त्यांना कळायला दोन मिनिटं लागली. मग त्यांचा चेहरा पडला, तसा तो मोटारीचा भुगा झाला तेव्हाही पडला नव्हता. "पण विहीणबाई, वीणा तिला रंग लावील."

"लावील."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. उरलेला."

ते पिशवी घेऊन गेले. आठवडाभर आले नाहीत. मला वाटलं, गेला बाबा. एका मोटारीपायी पुणं पत्करलं. घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी आले. मोजा काढून माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. आतून मोटार निघाली ती लांब नाकाची, जुन्या धाटणीची, चांदीच्या भांड्यासारखी. हिचा रंग काढायला त्यांना सात महिने लागले होते, हे मला माहीत होतं. ते सातही महिने मी वास घेत होते. मी ती खालच्या पायरीवर ठेवली.

दुपारी वीणा ब्रश घेऊन आली. त्या वर्षी आम्ही टाकीच्या झाकणाला चॉकलेटी रंग लावला होता, त्याचा डबा मी काढून ठेवला होता. ती पायरीपाशी वाकली आणि तशीच राहिली.

"आई, ही कुठली? आपली कुठाय?"

"हीच ती. रंग फार झाला होता, म्हणून मीच ह्यांना सांगून काढून घेतला."

"पण आपली आखूड होती. गोल होती."

"रंगानं दिसायची तशी."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. ते छताकडे बघत होते, जणू तिथं किती हात दिलेत ते मोजतायत. वीणा मूर्ख नाही. माझी लेक आहे. तिनं मोटार उचलली, उलटी केली, खालचे रिवेटचे खड्डे बघितले.

"माझा निळा पण गेला का?" तिनं विचारलं. "आठवीतला?"

"गेला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, खाली बसली आणि डब्याचं झाकण उघडलं. पुढे तिनं काही विचारलं नाही आणि आजपर्यंत जावयाला काही सांगितलेलंही नाही. ब्रश बुडवला, निथळवला. व्याह्यांच्या तोंडून आवाज निघाला, "निदान प्रायमर..."

"अण्णा," मी म्हटलं.

पण ब्रश टेकणार तेवढ्यात ते पुढे आलेच. गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसले, मोटार तिच्या हातातून घेतली आणि चाकांपाशी दोन बोटांनी धरली. "मी धरतो. तू लाव. कमी घे, बाळ, अजून कमी. आता नाकापासून मागे ओढ. एकाच दिशेनं. परत फिरवू नकोस, रेघ उठते." वीणानं ओढला. तो घाणेरडा चॉकलेटी रंग त्या चांदीवरून सरकत गेला आणि ते बघत राहिले, डोळे न मिटता. "छान," म्हणाले. तेहतीस वर्षं कुणाकुणाला असंच शिकवलं असेल. आवाज एकदम वेगळा होता. तो मी त्याआधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घट बसले. देवापुढची समई नीट पेटली नव्हती तोच हे दारात. नमस्कार केला देवाला, पण बघत होते खालच्या पायरीकडे. "पातळ बसलाय," म्हणाले. "कडेनं धातू दिसतोय अजून."

"पहिल्यासारखी जाड व्हायला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"वर्षाला एक हात." त्यांनी मनात हिशेब केला. "साठ वर्षं तरी."

मी चौऱ्याहत्तरची. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघं उभे राहून त्या मोटारीकडे बघत होतो. बाहेर कुणीतरी फाटकाला झेंडूची माळ बांधत होतं.

"म्हणजे घाई नाही," मी म्हटलं. "बसा, कॉफी टाकते."